घोडी कुठे ठेवायची

गोडादरा, सुरत
१८ नोव्हेंबर २०२४

मामा, नमस्कार घे.

शाळेत सरांनी शिकवलेलं की मोठ्या माणसाला पत्रात तुम्ही लिहायचं. दोनदा तसं लिहून बघितलं. पण तुम्ही लिहिलं की वाटतं मी तहसीलदाराला अर्ज करतोय. म्हणून तू. राग मानू नको.

आईशी मी फोनवर बोलतो. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इकडून ओरडणार, तू तिकडे नुसतं हां हां करणार, आणि मधे मामी तुला भलतंच काहीतरी सांगणार. तुझे कान गेल्यापासून तुझ्याशी भांडायलाही कागदच लागतो. तर कागद घेतला. पण भांडायला नाही, विचारायला.

मला सायकल घ्यायची आहे. नवी घेऊ का जुनी?

तू हसशील. तीन वर्षं तुझ्या दुकानात पंक्चर काढली, सगळ्या दोंडाईच्याची वाकडी चाकं सरळ केली, आऊट काढले आणि मलाच कळत नाही म्हणून. खरंच कळत नाही मामा. आधी कळत होतं. माझा रूमवाला गोपाल म्हणतो नवी घे, जुनी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. आमच्या खालच्या मजल्यावरचा ओडिया म्हणतो जुनी घे, नवी आठ दिवसात चोरीला जाते. मी गोपालचं ऐकलं की नवी बरोबर वाटते, जिना उतरलो की जुनी बरोबर वाटते. आणि जिना उतरायला आजकाल मला वेळ लागतो, त्यामुळे मधल्या पायरीवर दोन्ही बरोबर वाटतं.

गरज अशी की मिलमध्ये माझं खातं बदललं. आता पांडेसऱ्यालाच, पण फोल्डिंगमध्ये. बसून काम, कापड तपासायचं, घडी घालायची. मास्तर चांगला आहे. म्हणाला, उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊ दे, सोळा जानेवारीला साडेसातच्या आत गेटवर दिसलास तर जागा तुझी, नाही दिसलास तर दहा जण उभे आहेत. गोडादऱ्याहून पांडेसरा सात-आठ किलोमीटर. शेअर रिक्षावाले आता मला बघून थांबत नाहीत. का ते सोड.

ही जागा गेली तर सुरतेत माझं काही राहत नाही. गाठोडं बांधायचं आणि परत. आणि तू दुकानाच्या पायरीवर उभा राहून काय म्हणाला होतास ते मी विसरलो नाही. "तुझ्या पायाला भिंगरी आहे, कुठेच टिकणार नाहीस, महिन्यात परत येशील." दोन वर्षं झाली. मला परत यायचं नाही. एवढं एकच मला कळतं. बाकी सगळा गोंधळ आहे.

तर कळव. नवी का जुनी.

तुझा भाचा
वाल्मिक

*

दोंडाईचा
२३ नोव्हेंबर

वाल्मिक,

कार्ड मिळेल तेव्हा उत्तर दे. जागा कमी आहे म्हणून मुद्द्याचं.

नव्याला पैसे पडतात, जुन्याला डोळे लागतात. तुला डोळे मी दिलेत. जुनी बघ.

चाक उचलून फिरव. पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला नको, नळीला झाळण नको. सीटखालचा नंबर घासलेला असेल तर चोरीची, हात लावू नको. सगळ्यात आधी बीबी बघ. क्रँक धरून हलव. बीबी ढिली तर सायकल सोड.

दिवाळीला आला नाहीस. मिली बंद होत्या, गावची सगळी पोरं आली. तू म्हणालास मशीनची सफाई. बारा दिवस कसली सफाई रे?

तू पाच किलोमीटर पळत जाणारा माणूस. तुला सायकल कशाला?

मामी बरी. तुझी आई बरी.

धुडकू

*

गोडादरा, सुरत
२ डिसेंबर २०२४

मामा,

तुझ्या कार्डामुळे मी काल मार खाणार होतो.

रविवारी इथे गुजरी बाजार भरतो. रस्त्यावर जुनं सगळं मांडलेलं असतं, पंखे, कुकर, चपला, सायकली. गोपालच्या गाडीवर मागे बसून गेलो. एक काळी सायकल मनात भरली. विकणारा यूपीचा भैया, बाजूला त्याची बायको डोक्यावर पदर घेऊन बसलेली. चाक फिरवलं, सरळ. चिमटा सरळ. नंबर होता. मग तुझं कार्ड आठवलं आणि मी म्हणालो, "भैया, बीबी ढीली तो नहीं? ज़रा हिलाके देखूँ?"

मामा, तुझ्या दुकानात बीबी म्हणजे पायडलच्या मधल्या नळीतला कप-एक्सल, हे तुला माहीत, मला माहीत. भैयाला माहीत नव्हतं. तो कांदे-बटाटे सोडून महिन्याभरापूर्वीच या धंद्यात आला होता. त्याने हवेचा पंप उचलला. बायको त्याच्या आधी उठली. गोपाल "सायकल का पार्ट है, सायकल का पार्ट है" करत मधे पडला, पण हसता हसता त्याच्या तोंडातून शब्दच फुटेना. मग त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. स्वतःचं स्टूल पुढे केलं. "बैठो भैया," म्हणाली. पाणी पण दिलं. मला मार परवडला असता.

ती सायकल नाही घेतली. बीबी बघायची राहूनच गेली.

मग नव्याच्या दुकानात गेलो, उधन्याला. तिथे तर आणखी डोकं फिरलं. गिअरची, बिनगिअरची, जाड टायरची, जाळीच्या डिस्कची. पोराला जसं मिठाईच्या दुकानात होतं तसं व्हायला पाहिजे होतं, पण मला रडू यायला लागलं, खोटं नाही सांगत. सगळ्यांच्या सीट उंच. दुकानदार गुजराती, वयस्कर, भला माणूस. त्याने ना किंमत सांगितली ना कंपनी, पहिलं हेच विचारलं की घोडी कुठे ठेवणार? मी म्हणालो तोच तर प्रश्न आहे काका. घोडीचा बंदोबस्त झाला की सायकल ठरलीच समज.

तो म्हणाला लेडीज सायकल घे, दांडी नसते, चढायला उतरायला सोपी. आता तू सांग, लेडीज घेऊ का? गोपाल म्हणतो लाज वाटेल. मला वाटते लाज, पण आता लाजेचं तसं काही राहिलेलं नाही. मग वाटतं घ्यावी. मग वाटतं मिलच्या गेटवर लेडीज सायकलवरून उतरायचं म्हणजे गेट हसणार.

आईला यातलं काही सांगू नको. तिला मी सांगणार आहे, सवडीने.

दिवाळीचं तू काय विचारलंस ते अक्षर नीट लागलं नाही. कार्डावर शिक्का पडलेला.

वाल्मिक

*

दोंडाईचा
७ डिसेंबर

वाल्मिक,

शिक्का दुसऱ्या बाजूला पडतो. असो.

घरात गोंधळ उडालाय. तुझं पत्र मी वाचलं, माझ्या मागून तुझ्या मामीने वाचलं, आणि मामीने वाचलं म्हणजे गल्लीने वाचलं. ती आता समोर बसून बोलते आहे, मी तिचे ओठ बघून लिहितो. चुकलं तर तिचं समज.

सुंदरा म्हणते: लेडीज सायकल कोणासाठी? लाजेचं काही राहिलं नाही म्हणजे काय? आणि घोडी कुठे ठेवायची म्हणजे लग्नाची घोडी ठरवली का? इथे नवरदेवाला घोडीवर बसवायला आम्ही मेलो काय? मुलगी कोणत्या जातीची, गुजराती की भैयाची? आई-बापाला विचारलं का? घोडी भाड्याची असते, ठेवायची कशाला, दारात बांधून पोसणार आहेस का?

एवढं लिहून झालं तरी ओठ हलतच आहेत. मी थांबतो.

तुझी आई काल जेवली नाही. सुंदराने तिला सांगितलं की पोराने सुरतेत लग्न जमवलं आणि आईला सवडीने सांगणार आहे. आता ती म्हणते फोनवर मी विचारणार नाही, त्याच्या तोंडून येऊ दे. दोन दिवस झाले तुझ्याशी गोड गोड बोलते आहे. लक्षात आलं असेल.

मुलगी असेल तर तसं लिही. मी कोण हरकत घेणारा? पण घोडी मला समजली नाही. पन्नास वर्षं सायकली दुरुस्त करतो. सायकल घेताना घोडी कुठे ठेवायची हे कोणी विचारलेलं ऐकलं नाही. कान होते तेव्हाही नाही.

धुडकू

*

गोडादरा, सुरत
१२ डिसेंबर २०२४

मामा,

मामीला सांग मुलगी नाही. मुलगी असती तर मी नवी का जुनी विचारलं असतं का? मामीला हे वाक्य नको सांगू.

घोडी म्हणजे घोडी नाही रे. इथे गुजराती लोक सायकलच्या स्टँडला घोडी म्हणतात. आपण नाही का पायाने खाली पाडतो आणि सायकल उभी राहते, ती. दोन वर्षात तोंडात बसलं, लिहिताना आलं. आईला सांग पोटभर जेव. मला कळतच नव्हतं ती एवढी गोड का बोलते, मला वाटलं तिला कळलं.

म्हणजे सायकलचं कळलं असं म्हणायचंय मला.

लेडीज अशासाठी की उतरायला सोपी. ट्रॅफिक फार आहे. लिंबायतच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालून जो बोगदा जातो तिथे, सारखं उतरावं लागतं. एवढंच.

परवा गोपालने कोणाची तरी लेडीज सायकल तासाभरासाठी आणली. गल्लीत चालवून बघितली. मामा, काय सांगू! बसलो आणि सुटलो. पण घोडीचा प्रश्न तसाच आहे. मागे कॅरियरला आडवी बांधली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला लागते, एका काकूच्या पिशवीत घुसली. पुढे हँडलला बांधली तर हँडल वळत नाही. खांद्याला अडकवली तर घसरते. ॲल्युमिनियमची आहे, हलकी आहे, पण लांब आहे. तुझ्याकडे काही युक्ती असेल तर सांग.

गोपाल आता म्हणतो जुनी घे. ओडिया म्हणतो नवी घे. दोघांनी आपापसात बदलून घेतलं, मला न विचारता. मी दोन चिठ्ठ्या केल्या, नवी आणि जुनी. गोपालला उचलायला लावली. जुनी आली. मला वाईट वाटलं. म्हणून परत उचलायला लावली, नवी आली, तेव्हाही वाईट वाटलं. आता मला कळत नाही की मला वाईट कशाचं वाटतं.

सोळा जानेवारीला महिना राहिला. लवकर लिही.

वाल्मिक

*

दोंडाईचा
१७ डिसेंबर

वाल्मिक,

हे कार्डावर लिहीत नाही. पाकिटात घालतो. पोस्टमन वाचतो आणि सुंदराही. ती मंदिरात गेली आहे.

स्टँड सायकलला बसवलेलं असतं. ते कोणी कॅरियरला बांधत नाही. ते काकूच्या पिशवीत घुसत नाही. ते लांब असलं तरी वीतभर असतं.

तू मला सायकलचं शिकवू नको.

गल्लीच्या टोकाला सरलाबाई राहतात, त्यांचा नवरा सुरतेत मिलला होता, बावीस वर्षं तिथे काढली. काल त्यांच्या दारात गेलो. उत्तर लिहायला पाटी पुढे केली, विचारलं, सुरतेत घोडी कशाला म्हणतात. त्यांनी पाटी बाजूला ठेवली. उठल्या, कोपऱ्यातला झाडू घेतला, काखेत धरला आणि एक पाय उचलून माझ्यासमोर दोन पावलं चालून दाखवलं.

ज्याला आपण कुबडी म्हणतो ती.

मी दुकानात जाऊन बसलो. तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. जिना. रिक्षावाले. स्टूल. दिवाळी. सगळं लिहिलं होतंस की. मीच बहिरा.

पाय कसा शे तुन्हा?

कोणता पाय, कुठून, कधी, ते लिही. हाड जोडलं का, गुडघा वाकतो का, टाच टेकते का. सगळं लिही, लाजू नको, मी डॉक्टर नाही, पण वाकलेल्या चिमट्याला काय विचारायचं ते मला समजतं.

आणि एक कर. दोरी घे. भिंतीला पाठ लावून उभा राहा. गोपालला म्हणावं जांघेपासून टाचेपर्यंत माप घे. दोन्ही पायांचं, वेगवेगळं. गाठी मार. दोरी पत्रात घाल.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. ते काम तुझं.

धुडकू मामा

*

गोडादरा, सुरत
२३ डिसेंबर २०२४

मामा,

तुझं पाकीट तीन दिवस उशाला ठेवलं. तुझं ते "शे" वाचलं आणि पुढचं दिसेना. दोन वर्षांत मला अहिराणीत कोणी काही विचारलं नव्हतं. आई फोनवर आता शुद्धच बोलते, तिला वाटतं सुरतेत पोराला लाज वाटेल.

डावा पाय. गुडघ्याच्या खाली. सप्टेंबरच्या शेवटी. ओल्या कापडाची ट्रॉली आम्ही दोघं ओढत होतो. तुला माहिती आहे ओलं कापड किती जड असतं, नाही, तुला माहीत नसेल. फरशी ओली, ट्रॉलीचं एक चाक अडकलं आणि सगळी ट्रॉली माझ्या अंगावर आली. चूक कोणाची ते मला अजून कळत नाही. मी धावत ओढत होतो. सगळे हळू ओढतात, मी धावतो. तुला माहितीच आहे. त्या चाकाच्या बेअरिंगमध्ये छर्रे नव्हते मामा, मी आदल्या आठवड्यात बघितलं होतं. तुझ्याकडे असतो तर पाच मिनिटात बसवले असते. तिथे म्हटलं, आपलं काम नाही.

सळई घातली आहे. प्लास्टर निघालं. गुडघा वाकतो. वाकलो की टाच टेकते, पण जोर देता येत नाही. डॉक्टर म्हणाले उन्हाळ्यापर्यंत एक घोडी ठेवावी लागेल. मी पुष्कळ विचारलं, त्यांनी पुष्कळ सांगितलं, हिंदीत, घाईत. अर्धं कळलं.

तुम्हाला का नाही सांगितलं? मला वाटलं तू म्हणशील, बघ, सांगितलं होतं. पायाला भिंगरी म्हणालास आणि पायच गेला, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आणि आईने ये म्हटलं असतं तर मी आलो असतो. पडलो होतो ना तेव्हा, लगेच आलो असतो. आणि मग पुन्हा कधी कुठे गेलो नसतो. त्याची भीती वाटली. पायाची एवढी नाही वाटली.

आता दोरीचं. सुतळी मिळाली नाही. इथे आत्तापासून घराघरात पतंगाची दोरी रंगवून ठेवली आहे, गोपालने त्यातलीच तोडून आणली. जपून धर, धार आहे.

गोपालने माप घेतलं. पहिली गाठ उजव्या पायाची. मग तेच टोक धरून डाव्याची गाठ मारली. गोपालने दोरी मुठीत झाकली. मी म्हणालो बघू. दोन गाठींमध्ये बोटभर जागा आहे मामा. मी म्हणालो परत घे. त्याने परत घेतलं. बोटभरच.

डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, त्या न कळलेल्या अर्ध्यात. मला वाटायचं मी घोडीमुळे वाकडा चालतो.

तर आता तुला मी काय विचारत होतो ते मलाही समजलं. नवी का जुनी हे मी सायकलचं विचारत नव्हतो बहुतेक. म्हणजे सायकलचंही होतं. सायकल लागणारच आहे. सोळा तारीख आहेच. पण त्या दिवशी गल्लीत तासभर चालवली ना, वळणावर दोन बायका उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा. चालताना सगळे बघतात, आणि सायकलवर कोणालाच कळत नाही. चालणं जमत नाही आणि सायकल जमते, असं कसं ते तू सांग.

आईला सांगायचं धाडस होत नाही.

दोरी घातली आहे.

वाल्मिक

*

दोंडाईचा
९ जानेवारी

वाल्मिक,

ही चिठ्ठी सरलाबाईंबरोबर. त्या उत्तरायणला मुलाकडे उधन्याला निघाल्यात, ट्रॅव्हल्सने. टपावर सायकल बांधली आहे. सीट काढून त्यांच्या पिशवीत दिली आहे, म्हणजे वाटेत कोणी बसून पळणार नाही. त्या म्हणाल्या सीट मांडीवर घेऊन बसेन. घेतील.

सायकल लेडीज. फ्रेम जुनी, आपल्या दवाखान्यातल्या नर्सबाई गायत्री ताई चालवायच्या ती. निवृत्त झाल्या आणि दुकानात ठेवून गेल्या. वीस वर्षं बाळंतपणाला गावोगाव गेलेली आहे, नळी पोलादी, हसणाऱ्या गेटला सांग. चिमटा जुना, सरळ. रिमा नव्या. चेन नवी. टायर-ट्यूब नवे. बीबी नवी, कप-एक्सल-छर्रे सगळं. हलवून बघ, बिनधास्त विचार.

नवी का जुनी विचारलंस. हात फिरतो तेव्हा मी ते बघत नाही. जे टिकलं ते ठेवलं, जे गेलं ते बदललं.

डाव्या पायडलवर बाभळीचा ठोकळा बसवलाय. तुझ्या दोन गाठींमध्ये होती तेवढी जाडी, तासून. तुझ्या दोरीने अंगठा कापला. माप बरोबर आहे.

उजव्या बाजूला मागच्या चाकाजवळ पाइपाचा तुकडा झाळलाय, वर एक पट्टा. तुझी घोडी त्यात उभी राहते. काकूंच्या पिशव्या वाचल्या.

घंटी नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून मी बसवलेल्या घंट्या वाजतात की नाही ते मला कळत नाही. तू बसव.

चालणं जमत नाही आणि सायकल जमते असं कसं, विचारलंस. चालताना अख्खं अंग एका पायावर येतं. सायकलवर अंग सीटवर असतं, पायाला फक्त फिरायचं असतं. भिंगरी म्हणालो होतो. ते वाईट अर्थाने म्हणालो. आता बसवताना वाटलं, फिरतं ते बरंच.

ये म्हणणार नाही. दुकान आहे तिथेच आहे, बसून करायचं काम इथेही आहे, हे तुला माहीत असावं एवढंच.

एक अट. सीट बसवण्याआधी आईला फोन कर. नाहीतर सरलाबाई सांगणार आहेत, त्यांना मी सोमवारपर्यंत थोपवून धरलंय, आणि त्या झाडू घेऊन चालून दाखवतात.

धुडकू मामा

*

गोडादरा, सुरत
१७ जानेवारी २०२५

मामा,

सरलाबाई आल्या. उधन्याला ट्रॅव्हल्समधून उतरल्या ते सीट छातीशी धरूनच. मला म्हणाल्या, "ने बाबा, रातभर लोकांना वाटलं म्हातारी काय घेऊन चालली." वर मला एक पापड-लाडूचा डबा दिला आणि माझ्या हातातल्या घोडीकडे बघून म्हणाल्या, "एकच आहे ना? मग काय." बस, एवढंच बोलल्या.

सीट दोन दिवस खोलीत खिळ्याला टांगून ठेवली. गोपाल म्हणाला लाव ना. मी म्हणालो अट आहे. तेरा तारखेला फोन केला. आई गोड बोलायला लागली, अजूनही तिच्या मनातून मुलगी गेली नव्हती. मी म्हणालो, "आई, घोडीचं खरं सांगतो." आणि सांगितलं. सगळं. शुद्ध सुरू केलं आणि मधेच अहिराणीत गेलो. ती आधी रडली. मग म्हणाली, "मुलगी असती तर मी एवढी रडले नसते रे." आणि मग हसली. आणि मग परत रडली. मला समजलं नाही कोणतं खरं धरायचं. शेवटी म्हणाली, "जेवतोस का?" तेव्हा जरा बरं वाटलं.

मग सीट बसवली. घंटी घेतली इथल्या दुकानातून, त्याच भल्या काकांकडून. त्यांनी सायकल उलटी करून बघितली. बीबी धरून हलवली, मी न सांगताच. ठोकळ्यावर हात फिरवला. मग विचारलं, "नवी छे के जूनी?" मी म्हणालो काका, मला दोन महिने झाले हेच कळत नाही. ते म्हणाले, "बनावनार ने पूछजे." बनवणाऱ्याला विचार म्हणून. मी म्हणालो विचारलं, तोही सांगत नाही.

चौदा-पंधराला सगळं सुरत गच्चीवर होतं. मी खाली रिकाम्या गल्लीत चालवत होतो. गोपालने हँडलला तारेची कमान बांधून दिली, पतंगाची दोरी गळ्याला येऊ नये म्हणून. आता सायकल लग्नाच्या मांडवासारखी दिसते. मामीला सांग.

आणि काल सोळा.

सव्वासहाला निघालो. रस्त्यावर तुटलेले पतंग, तारांवर पतंग, झाडावर पतंग. लिंबायतच्या गरनाळ्यात शिरलो, चढाला वाटलं उतरावं लागेल. डाव्या पायाने ठोकळा दाबला. पाय पोचला. मामा, पूर्ण पोचला. तीन महिने जो पाय जमिनीवर बोटभर अधांतरी राहतो, तो खाली जाऊन टेकला, वर आला, परत टेकला. उतरलो नाही. चढून बाहेर आलो आणि उगाचच घंटी वाजवली. समोर कोणीच नव्हतं. तुला ऐकू गेली असती तर म्हणाला असतास, काय झालं, कशाला वाजवतोस.

सात वाजून दहा मिनिटांनी गेटवर. गेट हसलं, लेडीजला. हसू दे. मास्तर आत उभा होता, घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे जागा माझी. निदान तसं मला वाटलं. त्याची मान तशी सारखीच हलते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातल्या कापडाच्या ट्रॉलीचं चाक अडलं. सगळे म्हणाले सोड, आपलं काम नाही. मी बसूनच होतो, तर बसल्या बसल्या खोललं. छर्रे गेले होते. पुढच्या वेळी कोणी येणार असेल तर पाव इंचाचे थोडे पाठव, सरलाबाईंच्या मांडीवर चालतील.

इथे राहीन का तिकडे येईन, ते मला अजून कळलेलं नाही. विचारू नको. मला वाटतं कळायची घाई पण राहिलेली नाही.

आता रोजचं असंच होणार. गेटच्या आत येतो. आधी सायकलची घोडी लावतो, ती उभी राहते. मग पट्टा सोडून माझी घोडी काढतो, मी उभा राहतो. काल वॉचमन बघत होता. म्हणाला, "एक जण, दोन घोड्या. वरात कोणाची रे?"

मी म्हणालो, मामाला विचार, त्याने बसवलं.

तुझा
वाल्मिक